सावध राहण्यापलीकडे

जालना जिल्ह्यातल्या बहुतेक वरिष्ठ महाविद्यालयांत वर्षातून एकदा तरी मुलींसाठी ‘सायबर सुरक्षा’ या विषयावर कार्यक्रम होतो. तो बहुधा मार्चच्या पहिल्या आठवड्यात, महिला दिनाला जोडून असतो. दीपप्रज्वलन होतं. पोलीस खात्यातले एखादे अधिकारी किंवा एखाद्या वकीलबाई बोलतात. डीपीला स्वतःचा फोटो ठेवू नका, अनोळखी माणसाची फ्रेंड रिक्वेस्ट घेऊ नका, ओटीपी कुणाला सांगू नका, काही झालंच तर आईवडिलांपासून लपवू नका. मुली वहीत उतरवून घेतात, आभारप्रदर्शन होतं, चहा होतो. संगणकशास्त्र शिकवताना गेल्या वीसेक वर्षांत असे बरेच कार्यक्रम मी ऐकले आहेत. त्यांत सांगतात त्या गोष्टी खऱ्या असतात आणि उपयोगीही असतात.

पण समोर बसलेल्या या मुलींपैकी कितीतरी जणी वर्षा-दोन वर्षांत कुठल्यातरी संगणकापुढे नोकरीला बसणार असतात. कुणी स्टील कारखान्याच्या हिशेब खात्यात, कुणी बियाणे कंपनीच्या ऑफिसात, कुणी पतसंस्थेच्या काउंटरवर, कुणी आपले सरकार सेवा केंद्रात, तर कुणी गावात बँक सखी म्हणून. तिथे त्यांच्या हाताखाली दुसऱ्यांचे पैसे, दुसऱ्यांचे आधार क्रमांक, दुसऱ्यांचे सातबारे आणि दुसऱ्यांचे पासवर्ड असतात. त्या दिवसापासून स्वतःपुरतं सावध राहून भागत नाही. ती मुलगी राखणदार झालेली असते. राखण कशी करायची हे मात्र तिला कुणी शिकवलेलं नसतं. या अंतराचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

*

आधी या मुली कोण, ते पाहू. १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा; २०११च्या जनगणनेत लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या वर. ‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण जुनी. आताचं सोनं म्हणजे मोसंबी, बियाणं आणि लोखंड. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्या आहेत. म्हणजे जिल्हा लहान असला तरी इथे होणारी उलाढाल लहान नाही, आणि ती आता वहीवर नव्हे, पडद्यावर होते.

दुसरीकडे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) या जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातल्या सुमारे ३५ टक्के स्त्रियांचं लग्न अठराव्या वर्षाआधी झालेलं आढळलं. तेव्हा पदवीच्या वर्गात बसलेली मुलगी मोठ्या चाळणीतून वर राहिलेली असते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, त्याचा मंठा, परतूर, घनसावंगीकडून येणाऱ्या मुलींना खरा फायदा झाला. महिन्याच्या पासचा हिशेब घरात आता कमी वेळा निघतो. जुलै २०२४ मध्ये शासनाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. हेही मोठंच पाऊल. पण माझ्यासमोर बसणाऱ्या बहुसंख्य मुली व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या नाहीत. त्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या आहेत.

या मुलींसाठी विद्यापीठाकडे काय आहे? कागदावर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ ऑक्टोबर २०२२ रोजी पदवी आणि पदव्युत्तर वर्गांसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम जाहीर केला. विषयाची ओळख, सायबर गुन्हे आणि कायदा, समाजमाध्यमं, ई-कॉमर्स व डिजिटल व्यवहार, उपकरणांची सुरक्षा असे त्याचे पाच भाग. आखणी वाईट नाही, कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला झेपेल अशी आहे. पण अशा विषयाचं महाविद्यालयात जे होतं ते प्राध्यापकवर्गाला सांगायला नको. ज्याचा वर्कलोड कमी पडतो त्याच्याकडे विषय जातो. ‘फिशिंग म्हणजे काय ते सांगून त्याचे प्रकार लिहा’ असा पाच गुणांचा प्रश्न तयार होतो. आणि फिशिंगचा एकही खरा मेल न उघडता मुलगी पाचपैकी चार गुण मिळवते.

शिडीचं वरचं टोक मात्र भक्कम आहे. इथून साठेक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारात नायलिट या केंद्र सरकारच्या संस्थेचं केंद्र आहे. त्याच शहरात २००९ पासून शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, तिथे डिजिटल आणि सायबर फॉरेन्सिक शिकवतात. पुण्याला सी-डॅक आहे. महर्षी कर्वे यांच्या संस्थेचं कमिन्स हे मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून पुण्यात आणि एसएनडीटी विद्यापीठाचं उषा मित्तल तंत्रज्ञान संस्थान १९९७ पासून मुंबईत आहे. खास मुलींना या क्षेत्रात आणण्यासाठी मायक्रोसॉफ्ट आणि डेटा सिक्युरिटी कौन्सिल ऑफ इंडिया यांनी २०१८ साली ‘सायबरशिक्षा’ हा कार्यक्रम काढला. अभियांत्रिकी पदवी घेतलेल्या मुलींना काही महिने प्रशिक्षण द्यायचं आणि नोकरीला लावायचं, अशी त्याची रचना. जगभरात या क्षेत्रातल्या मनुष्यबळात स्त्रियांचा वाटा जेमतेम पाव आहे हे पाहता अशा कार्यक्रमांची गरज उघड आहे.

पण अंबडच्या बी.कॉम. झालेल्या मुलीला या शिडीची वरची टोकं दिसतात, खालच्या पायऱ्या दिसत नाहीत. एका बाजूला महिला दिनाचं भाषण, दुसऱ्या बाजूला अभियंतीचं प्रशिक्षण. मधल्या जागेत जी प्रत्यक्ष कामं आहेत, त्यांचं शिक्षण कुठे आहे?

*

मधल्या जागेतलं काम म्हणजे काय, हे उदाहरणांनीच सांगता येईल.

पहिलं उदाहरण पत्ता वाचण्याचं. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी बंधनकारक झाली आणि गावोगावच्या सेवा केंद्रांवर बायकांच्या रांगा लागल्या. त्यापाठोपाठ बनावट संकेतस्थळांचे इशारेही आले. आता खरं संकेतस्थळ ओळखायचं कसं? ‘कुलपाचं चिन्ह पाहा’ असं अजूनही सांगितलं जातं. ते निरुपयोगी आहे. कुलूप एवढंच सांगतं की मधल्या वाटेत कुणी माहिती वाचत नाही. ज्याच्याकडे माहिती चालली आहे तो चोर नाही, याची हमी ते देत नाही. चोरालाही कुलूप फुकट मिळतं.

वर्गात मी हे पोस्टाच्या पत्त्यावरून शिकवते. भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई आहे, नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत आहे, आणि नुसती पिंपळगावं तर महाराष्ट्रात मोजता येणार नाहीत. पाकिटावर ‘पिंपळगाव’ एवढंच पाहून पोस्टमन गाडीत टाकत नाही. तो खालची ओळ पाहतो: तालुका कोणता, जिल्हा कोणता. संकेतस्थळाचा पत्ताही असाच शेवटाकडून वाचायचा. पहिली तिरकी रेघ जिथे येते तिथे थांबायचं आणि तिथून डावीकडे सरकत जायचं. ‘लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ यात शेवटचं ‘इन’ म्हणजे देश, त्याआधीचं ‘गव्ह’ म्हणजे सरकार, आणि हा ‘गव्ह डॉट इन’ सरकारी यंत्रणेशिवाय कुणालाही मिळत नाही. त्याच्या डावीकडे महाराष्ट्र, त्याच्या डावीकडे योजना. देश, सरकार, राज्य, योजना.

आता बनावट पत्ता पाहा. ‘लाडकीबहीण आडवी रेघ महाराष्ट्र आडवी रेघ गव्ह डॉट इन’. टिंबांच्या जागी आडव्या रेघा आल्या, की ते सगळं मिळून एकच नाव झालं, आणि ते नाव कुणीही काहीशे रुपयांत विकत घेऊ शकतो. किंवा ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम’. सुरुवातीला सरकार आहे, पण पत्त्याचा जिल्हा ‘अमुकतमुक’ आहे. मुलींना हे एकदा कळलं की त्या स्वतःच असे खोटे पत्ते बनवून एकमेकींना फसवायला लागतात, आणि मला वाटतं तीच खरी परीक्षा. पूर्वी मराठीतल्या चुकांवरून बनावट मजकूर ओळखता यायचा. ‘आपला खाता ब्लॉक केली गेली आहे’ असं वाचलं की समजायचं. आता यंत्र शुद्ध मराठी लिहितं. व्याकरण हा पुरावा उरलेला नाही, पत्ता अजून आहे.

सेवा केंद्रात बसणारी मुलगी दिवसाला पन्नास-साठ जणींचे अर्ज भरते. तिला हे वाचता आलं तर पन्नास-साठ घरांची माहिती वाचते. त्या पन्नास-साठ जणींना ते शिकवण्याची वाट पाहावी लागत नाही.

दुसरं उदाहरण हिशेब खात्याचं, आणि त्यावर मी जास्त वेळ थांबणार आहे.

भट्टीला भंगार लागतं, सळईला गिऱ्हाईक लागतं, आणि दोन्हीकडची बिलं मेलवर येतात. चोर काय करतो? कुठल्यातरी एका बाजूच्या मेलचा पासवर्ड मिळवतो. लगेच काही करत नाही. आत बसून राहतो. आलेल्या मेलची एक प्रत आपोआप आपल्याकडे यावी अशी व्यवस्था सेटिंगमध्ये करून ठेवतो आणि आठवडेच्या आठवडे वाचत राहतो: कुणाचं बिल कधी येतं, कोण कुणाला काय म्हणून हाक मारतं, रक्कम केवढी असते. मोठं बिल द्यायची वेळ आली, की त्याच जुन्या पत्रव्यवहाराच्या खाली एक मेल येतो. ‘आमच्या बँकेत ऑडिट चालू आहे, या वेळची रक्कम कृपया खालील खात्यात जमा करावी.’ कधी पत्त्यात एक अक्षर बदललेलं असतं. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी ठेवले, तर घाईत डोळ्याला फरक दिसत नाही. कधी तर पत्ता अगदी खरा असतो, कारण चोर खऱ्याच डब्यात बसलेला असतो.

याचाच धाकटा भाऊ व्हॉट्सॲपवर असतो. मालकाचा फोटो लावलेला नवा नंबर. ‘मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नको. या खात्यात तातडीने रक्कम पाठव, पावती मला टाक.’

यावरचा उपाय तांत्रिक नाही. खातं बदलल्याचा निरोप आला, की आपल्या जुन्या वहीत असलेल्या नंबरवर फोन करायचा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, कारण तो चोराचाच असणार. मोठ्या रकमेला दोघांची संमती. पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव तपासायचं. एनईएफटी आणि आरटीजीएससाठी ही सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं. हे शिकवायला दोन तास पुरतात.

मग अडतं कुठे? एकदा वर्गात मी हा प्रसंग नाटकासारखा करवला. एक मुलगी क्लार्क, दुसरी व्हॉट्सॲपवरचा मालक. क्लार्क झालेल्या मुलीला निरोप खोटा आहे हे आधीच माहीत होतं. तरी तिने ‘पैसे’ पाठवले. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “मॅडम, शेठनी फोन करू नको म्हटल्यावर फोन कसा करायचा? खरंच शेठ असले तर?”

मला हा या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. उलट बोलू नये, मोठ्यांनी सांगितलेलं ऐकावं, ऑफिसात नवी आहेस तर मान खाली घालून काम करावं, हे आपण मुलींना बावीस वर्षं शिकवतो. चोराने जाळं विणलेलं असतं ते नेमकं याच शिकवणीवर. त्याला संगणक फोडायचा नसतो. आज्ञा पाळणारी व्यक्ती हवी असते. आणि राखणदाराचं काम म्हणजे तरी काय? येणाऱ्याला थांबवून ‘कोण? कुठून आलात? कशावरून?’ असं विचारणं. जिला विचारायची मुभा नाही, तिच्या हाती दिलेलं दार उघडंच आहे. वर पैसे गेल्यावर पहिलं बोट तिच्याकडेच दाखवलं जातं. मालकाचा बेपर्वा पासवर्ड विसरला जातो. ‘त्या नव्या पोरीने पाठवले’ हे मात्र लक्षात राहतं. चार-सहा महिन्यांच्या नोकरीनंतर घरी परतलेल्या मुलीला पुन्हा बाहेर पाठवायला घरचे तयार होत नाहीत.

म्हणून मी हल्ली अभ्यासक्रमात नसलेला एक तास घेते. त्यात फक्त नम्रपणे नाही म्हणण्याचा सराव असतो. “शेठ, खातं नवीन दिसतंय, तुमच्या जुन्या नंबरवर एकदा बोलून लगेच पाठवते.” असं एकेक वाक्य मुली मोठ्याने म्हणतात. सुरुवातीला हसतात. आवाज खरोखर चढायला तीन-चार तास लागतात.

*

बँक सखीचं काम थोडं वेगळं. ‘उमेद’ अभियानातल्या या बायका मायक्रो एटीएम घेऊन गावात बसतात आणि आधार-अंगठ्यावर पैसे काढून देतात. एके काळी अंगठा उठवणं ही निरक्षरतेची लाज होती. आता तीच तिजोरीची किल्ली झाली आहे. या पद्धतीत ओटीपी लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोट पुरतं. खरेदीखतांच्या प्रतींवरचे ठसे उचलून, त्यांची रबरी बोटं तयार करून पैसे काढल्याचे गुन्हे देशात अनेक ठिकाणी उघडकीला आले, त्यानंतर २०२३ साली आधार प्राधिकरणाने ठसा जिवंत बोटाचा आहे का हे तपासणारी जास्तीची व्यवस्था आणली. पण साधी फसवणूक काउंटरवरच होऊ शकते: ‘सर्व्हर डाऊन आहे, मावशी, परत अंगठा लावा,’ आणि दोनदा रक्कम कापली जाते. प्रामाणिक सखी रक्कम मोठ्याने सांगते, प्रत्येक अंगठ्याची पावती देते, व्यवहार फसला तर फसल्याचीही पावती देते, आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक कसं करायचं ते दाखवते. याला सायबर सुरक्षा म्हणतात हे तिला कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे बायोडेटामध्ये ती ते लिहीतही नाही.

आता पतसंस्था आणि सहकारी बँका. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला मी दरवर्षी शिकवते. ११ ऑगस्टला, शनिवारी, २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघू लागले. एरवी कार्ड घातलं की एटीएमची विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते: या खात्यात एवढे आहेत का? हल्लेखोरांनी मधल्या वाटेत स्वतःची खोटी यंत्रणा उभी केली होती, ती प्रत्येक विचारणेला ‘हो, द्या’ म्हणत होती. खऱ्या प्रणालीला पत्ताच नव्हता. १३ तारखेला स्विफ्ट यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगला गेले. एकूण नुकसान ९४ कोटींवर. १९०६ साली स्थापन झालेल्या, चांगल्या चालणाऱ्या बँकेच्या बाबतीत हे घडलं. निवडलेला दिवसही लक्षात घेण्यासारखा. शनिवारी दुपारनंतर कोण पडदा पाहत बसतं?

कुणीतरी पाहत बसावं, म्हणून सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर असतात. चोवीस तास नोंदींच्या ओळी वाहत असतात. कुणी कुठून लॉगिन केलं, किती वेळा चुकलं, रात्री तीनला कुठली फाइल बाहेर गेली. त्यांतली खटकणारी ओळ शोधणं हे तिथल्या विश्लेषकाचं पहिल्या पायरीचं काम. त्याला प्रोग्रामिंग थोडं लागतं, पण त्याहून जास्त लागते ती नजर. तेरीज जुळत नाही म्हणून सात रुपयांचा फरक शोधत दोन तास बसलेली वाणिज्य शाखेची मुलगी या कामापासून फार लांब नाही. (बायका उपजतच चिकाटीच्या असतात वगैरे मी मानत नाही, तेरजेचं ते शिक्षण आहे, आणि मुलांनाही ते मिळतं.) अडचण वेगळी आहे: ही कामं पाळ्यांमध्ये चालतात. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार स्त्रीच्या संमतीने आणि सुरक्षेची पुरेशी व्यवस्था करून तिला रात्री साडेनऊनंतरही काम देता येतं. कायद्याने दार उघडलं. जालन्यातून पुण्याला गेलेल्या मुलीच्या वडिलांना ‘रात्रपाळी’ हा शब्द फोनवर कसा सांगायचा, याचं उत्तर कायद्यात नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने वर्षभर ‘अमेरिकेची वेळ’ असा शब्द वापरला. तो घरी चालला.

*

नोकरी लागण्याआधीच्या काळाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पहिला खड्डा तिथेच असतो. पदवी झाल्याझाल्या मुलगी आपली माहिती दहा संकेतस्थळांवर टाकते, आणि तिला आलेलं पहिलं नियुक्तीपत्र अनेकदा खोटं असतं. नोंदणी फी, लॅपटॉपची अनामत, प्रशिक्षणाचे पैसे. नाहीतर टेलिग्रामवरचं घरबसल्या काम: व्हिडिओला लाइक करा, दीडशे रुपये मिळतील. ते खरंच मिळतात, दोनदा मिळतात, मग तिसऱ्या वेळी ‘पुढच्या टप्प्यासाठी’ पाच हजार भरायचे असतात.

याहून घातक आहे ते खातं भाड्याने देणं. ‘तुझ्या खात्यात पैसे येतील, तू पुढे पाठव, दोन टक्के तुझे.’ फसवलेल्या माणसाचे पैसे अशा पाच-सात खात्यांमधून काही मिनिटांत फिरवले जातात, म्हणजे माग लागत नाही. हे थांबवण्यासाठी १९३० हा क्रमांक आहे. फोन लागला की तक्रारीची नोंद होते, पहिल्या बँकेकडून दुसऱ्या, दुसरीकडून तिसऱ्या बँकेला निरोप जातो आणि पैसे जिथे पोचले असतील तिथे गोठवले जातात. म्हणून पहिला तास महत्त्वाचा. रडण्यात आणि घरच्यांना कसं सांगू या विचारात तो जातो. आणि त्या साखळीत जिचं खातं सापडतं, तिच्या दारात परराज्यातले पोलीस येऊ शकतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड कलमानुसार संगणकाच्या मदतीने तोतयेगिरी करून फसवण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मी फक्त खातं दिलं होतं, हे सिद्ध करायला तिची ऐन नोकरीची वर्षं जातात. २०२४ या एका वर्षात भारतीयांनी सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गमावले, असं केंद्र सरकारने संसदेत सांगितलं. एवढी रक्कम फिरवायला किती खाती लागली असतील, याचा विचार वार्षिक कार्यक्रमात मुलींपुढे मांडलेला मी ऐकलेला नाही. तिथे मुलगी नेहमी बळी असते. ती नकळत गुन्ह्याचा दुवा होऊ शकते, हेही तिला आदराने सांगितलं पाहिजे.

*

करता काय येईल? नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात दोन जागा आहेत, ज्या आपण अजून नीट वापरलेल्या नाहीत. एक, कौशल्याचे श्रेयांक. दुसरी, ‘ऑन जॉब ट्रेनिंग’. दुसऱ्या जागेचं सध्या बऱ्याच ठिकाणी काय होतं तर ओळखीच्या दुकानातून शिक्का मारलेलं प्रमाणपत्र येतं. त्याऐवजी मुलीला एखाद्या छोट्या उद्योगात नेमकं काम देता येतं. कारण त्या उद्योगालाही गरज आहे, फक्त त्याला ते माहीत नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांना ठरावीक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांच्या आत कळवाव्या लागतात आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. औद्योगिक वसाहतीत चार-पाच ठिकाणी मी हे सहज विचारलं. दोघांनी ‘आमचा कॉम्प्युटरवाला बघतो’ म्हणून सांगितलं. कॉम्प्युटरवाला म्हणजे प्रिंटर दुरुस्त करायला येणारा मुलगा.

दुरुस्तीवाल्याला मी कमी लेखत नाही. क्विक हीलचे कैलाश काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासूनच सुरुवात केली होती. त्यांच्या फाउंडेशनच्या उपक्रमात महाविद्यालयीन विद्यार्थी शाळांमध्ये जाऊन सायबर सुरक्षा शिकवतात, आणि शिकवता शिकवता माणूस किती शिकतो हे सांगायला नको. आमच्या मुलीही शाळेत, बचतगटाच्या बैठकीत बोलू शकतात, आणि तेही मराठीतून. इंग्रजी पुस्तकातला ‘टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन’ त्यांच्या तोंडून ‘दोन किल्ल्यांचं कुलूप’ झाला, तेव्हा तो मला पहिल्यांदा नीट समजल्यासारखा वाटला.

गेल्या वर्षी आम्ही तिसऱ्या वर्षाच्या तीन मुलींना ऑन जॉब ट्रेनिंगसाठी एका लोखंड व्यापाऱ्याच्या ऑफिसात पाठवलं. त्यांना तीन कामं दिली होती. सगळ्या पुरवठादारांचे खरे फोन नंबर आणि खाते क्रमांक एका जाड वहीत, हाताने लिहायचे, आणि ती वही कपाटात ठेवायची. कोणत्या संगणकावर कोणाचा पासवर्ड चिकटवलेला आहे ते पाहायचं. पाच सापडले, एक देवाच्या फोटोच्या मागे. आणि मेलच्या सेटिंगमध्ये न सांगता कुठे प्रती जातात का ते तपासायचं. एक जात होती. नोकरी सोडून तीन वर्षं झालेल्या मुनीमजींच्या पत्त्यावर. त्यांना बिचाऱ्यांना ते माहीतही नव्हतं, तो डबा ते उघडतच नव्हते. मालकांनी त्या दिवशी पहिल्यांदा मुलींना बसायला खुर्च्या दिल्या आणि दोन तास प्रश्न विचारले.

त्या तिघींपैकी एकीला त्यांनी मार्चअखेरच्या कामासाठी पगारावर ठेवलं, आणि ती अजून तिथेच आहे. नवं खातं आलं की वही काढून फोन लावायचं काम तिचं. तिने हो म्हटल्याशिवाय रक्कम जात नाही, मालकांनी स्वतः पाठवायला सांगितली तरी. नियुक्तीपत्रावर पदाचं नाव ‘डेटा एन्ट्री ऑपरेटर’ असं आहे. ते बदलून घ्यावं का, असं ती परवा मला विचारत होती. मी म्हटलं, शेठना विचार.